लिटरला सव्वीस

३ मार्च, रविवार

गाडी आली. शोरूमवाल्याने किल्ली दिली, हात मिळवला, फोटो काढला आणि ही डायरी फुकट दिली. फुकटची वस्तू वाया घालवू नये. हिच्यात फक्त गाडीबद्दल लिहायचं. जसंच्या तसं.

गाडी का घेतली ते आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी हौस म्हणायला नको. आमची कॉलनी टेकडीवर. हॉस्पिटल टेकडीखाली. बायकोची, म्हणजे हिची, बाळंतपणाची तारीख मेच्या पहिल्या आठवड्यात. टॅक्सीवाले वर यायला कुरकुरतात. म्हणजे गाडी हिच्यासाठी आणि बाळासाठी. माझं त्यात काही नाही.

स्पीडच्या काट्याशेजारी एक छोटा आकडा दिसतो. गाडी लिटरला किती देते तो. आज १६.८. नवं इंजिन आहे, मोकळं व्हायला वेळ लागणार.

५ मार्च, मंगळवार

ऑफिसात अभिनंदन झालं. अकाउंट्समधल्या एकाकडे हीच गाडी आहे, रंगही हाच. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, किती देते. मी म्हणालो, वीसेक. तो म्हणाला, माझी सव्वीस देते. आणि शांतपणे चहा प्यायला लागला.

यापुढे डायरीत त्याचं नाव सव्वीस.

मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. रात्रभर झोप लागली नाही ती उकाड्यामुळे.

९ मार्च, शनिवार

दुपारभर व्हिडिओ पाहिले. गाडीचा दोष नाही, आपल्या सवयींचा आहे. संकल्प: पायाखाली अंडं आहे असं समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून वारा शिरतो आणि गाडीला मागे ओढतो. टायरमध्ये हवा जरा जास्त. हवा भरणारा म्हणाला, एवढी नको. त्याला काय, त्याला सव्वीसबरोबर चहा प्यायचा नसतो.

१७.५. सुरुवात तर झाली.

१७ मार्च, रविवार

वजन हाच खरा शत्रू. डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाना, पायातल्या मॅट, एक छत्री. स्टेपनी बाल्कनीत नेऊन ठेवली. आईने विचारलं, रस्त्यात पंक्चर झालं तर. मी म्हणालो, नवे टायर पंक्चर होत नाहीत. आईने वाद घातला नाही. संध्याकाळी पाहिलं तर स्टेपनीवर तिची झाडाची कुंडी होती. म्हणजे तिलाही पटलं.

१८.९.

२२ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस ऐतिहासिक. टेकडीचा उतार रोज उतरतो आणि इंजिन उगाच चालू ठेवतो, हे इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. आज कॉलनीच्या फाटकाबाहेर किल्ली एक घर मागे फिरवली. इंजिन बंद, आकडा मात्र दिसतोय. खालपर्यंत गाडी आपोआप. एक थेंब पेट्रोल नाही. गाडीत इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

ब्रेक पहिल्या वळणावर लागला, दुसऱ्यावरही लागला. तिसऱ्यावर पेडल जरा दगडासारखं झालं. नवी गाडी, पेडल रुळायचंय. स्टिअरिंगही जडावतं, दंडांना व्यायाम. तिसऱ्या वळणावर नर्सरी आहे, तिथला माणूस कुंड्यांना पाणी घालत रस्त्यातच उभा होता. मी अगदी जवळ पोचल्यावर उडी मारून बाजूला झाला. इंजिनाचा आवाज नाही, त्याला कळणार कसं? लोकांनी जरा बघून उभं राहावं.

२०.४! वीस ओलांडले. ऑफिसात सव्वीसच्या टेबलावरून दोनदा गेलो. त्याने काही विचारलं नाही.

२८ मार्च, गुरुवार

हिला तपासणीला नेलं. आई बरोबर. काचा बंद, एसी बंद. आईने विचारलं, तपासायला नेतोयस की वाफवायला. टायर टणक असल्यामुळे खड्डे जरा जाणवतात. हिने पोटाखाली दोन्ही हात धरले होते.

उतारावर किल्ली फिरवली. हिने विचारलं, एवढं शांत का झालं. मी अभिमानाने सगळं समजावून सांगितलं.  उतरल्यावर म्हणाली, मी गाडीत असताना पुन्हा हे करायचं नाही, शपथ घे. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

शपथ घेतली. ही गाडीत असताना नाही. नसताना काय, ते बोलणं झालं नाही.

१७.९. तीन माणसं म्हटल्यावर आकडा पडणारच. माणसं म्हणजे शेवटी वजनच, पण हे घरात बोलायची सोय नाही.

३ एप्रिल, बुधवार

ही गाडीचं पुस्तक वाचत बसलेली दिसली. मी त्यातलं अ‍ॅव्हरेजचं पान वाचलंय, बाकीचं ठेवलंय. हिने एक पान दुमडून माझ्या उशीवर ठेवलं. उतारावर इंजिन बंद करू नये, ब्रेक आणि स्टिअरिंगला इंजिनाची मदत लागते, वगैरे. चौकटीत, लाल अक्षरात. मी म्हणालो, अशा सूचना छापाव्याच लागतात, कपडे धुवायच्या पावडरीवरसुद्धा खाऊ नये असं लिहिलेलं असतं. ही म्हणाली, पण ती पावडर तू अजून खाल्लेली नाहीस.

बाईमाणसाला यंत्रातलं कळत नाही असं मी म्हणत नाही. फक्त लिहून ठेवतो की मी म्हणालो नाही.

१० एप्रिल, बुधवार

हिने हॉस्पिटलची बॅग भरून डिकीत ठेवली. वर चिठ्ठी, हलवू नये. न्हाणीघरातल्या काट्यावर वजन केलं. सहा किलो. तारखेला साडेतीन आठवडे आहेत. तोवर बाळाची दुपटी रोज टेकडी चढवायची आणि उतरवायची, याला काही अर्थ आहे का?

बॅग माळ्यावर टाकली. आयत्या वेळी हात घातला की निघेल. हिला सांगितलं नाही, कारण हिने विचारलं नाही.

२१.७.

१५ एप्रिल, सोमवार

आंघोळ करताना सुचलं. पेट्रोललाही वजन असतंच की! टाकी फुल्ल म्हणजे आपणच आपल्या डोक्यावर हंडा घेऊन चालणं. आजपासून थोडं थोडंच भरायचं. पिवळा दिवा लागला तरी पुष्कळ अंतर जाते म्हणे. पंपावरच्या माणसाने विचारलं, एवढ्यात गाडी घरापर्यंत पोचेल ना. मी फक्त हसलो.

२३.१. सव्वीसला सहज जाता जाता चोवीस सांगितलं. तो छान म्हणाला. आतून नक्की हादरला असणार.

२१ एप्रिल, रविवार

आईला बाजारात जायचं होतं. मी सहज म्हणालो, बसही जाते. आई म्हणाली, जाते मी बसनेच, तुझ्या आकड्याला माझा भार नको. मग चप्पल घालता घालता म्हणाली, नाकापेक्षा मोती जड झालाय बाबा, सांभाळ. पायऱ्या उतरताना मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी ही हिशेब घेतल्यासारखं विचारत होती. डॉक्टर म्हणाल्यात, आधीही होऊ शकतं. टाकीत पेट्रोल आहे ना. आहे. (आहेच.) बॅग गाडीत आहे ना. म्हणालो, सगळं तयार आहे. स्टेपनी परत बसव. म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, मला तुझ्यावरच अवलंबून राहायचंय, दुसरं कोणी नाही. मी म्हणालो, मग काळजी कसली.

२४.४.

२५ एप्रिल, गुरुवार

२५.६. तीनदा पाहून मग लिहिला.

पिवळा दिवा कालपासून आहे. आज भरणार होतो, पण उद्या सकाळी एक खेप अशीच हलकी मारली की सव्वीस. मग लगेच टाकी फुल्ल, बॅग डिकीत, स्टेपनी जागेवर. सगळं शहाण्यासारखं. एका सकाळचा प्रश्न आहे.

हिची पाठ दुखतेय. सीटमुळे असेल. सीट जरा मागे करून देईन.

२७ एप्रिल, शनिवार

हॉस्पिटल. बाकावर बसून लिहितोय.

काल सकाळी चहाच्या वेळेलाच हिच्या कळा सुरू झाल्या. मी बॅगेसाठी स्टुलावर चढलो. बॅग आत सरकली होती. आधी रजया पडल्या, मग पंखा पडला, मग बॅग. ही दाराला धरून उभी राहून बघत होती. 

ही आणि आई मागे, मी पुढे, असे गाडीत बसलो. दिवा आता लुकलुकत होता. पंप हॉस्पिटलच्याही पुढे. खाली सिग्नलला गाडी बंद पडली तर? उतारावर वाचेल तेवढं खाली कामाला येईल, असा विचार केला. म्हणून किल्ली फिरवली. शपथ आठवत होती. पेट्रोल पुरावं म्हणून बंद केलं, आकड्यासाठी नाही. आकडा २६.० झाला होता. तेवढ्यातही मी तो पाहिला.

शांतता झाली तशी हिने मागून माझं नाव घेतलं. एकदाच.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला पेडल खाली जाईना. दोन्ही पायांनी दाबलं, जवळजवळ उभा राहिलो. स्टिअरिंग फिरता फिरेना. नर्सरीच्या कुंड्या, मग मातीचा ढीग. मातीनेच थांबवलं. मातीऐवजी पलीकडची भिंत असती तर, हे वाक्य मी पुरं करणार नाही. पुढचा टायर फुटला. स्टेपनी बाल्कनीत, कुंडीखाली.

आईच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ती हिचा हात धरून बसली होती. नर्सरीवाल्याने त्याच्या जुन्या टेम्पोतली रोपं भराभर खाली फेकली, पोती अंथरली, हिला त्यावर निजवलं. मी बॅग मांडीवर घेऊन कडेला बसलो. टेम्पो इतका धूर ओकत होता की मागचा रस्ता दिसत नव्हता. मी खिडकीतून नर्सरीवाल्याला विचारलं, किती देते. का विचारलं, देव जाणे. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. तो म्हणाला, काय किती? आई माझ्याकडे बघत होती.

दुपारी मुलगी झाली. तिला आतल्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलंय. धक्क्यामुळे नजरेखाली ठेवायचं म्हणाले. नर्सने वजन सांगितलं, दोन किलो आठशे. बॅगेच्या निम्म्याहून कमी. माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं. मला माझीच लाज वाटली. आणि भीती वाटली, अजूनही वाटतेय.

२९ एप्रिल, सोमवार

मुलगी पेटीतून बाहेर आली. ठणठणीत आहे म्हणतात. हिच्याजवळ दिली. मी पाहिलं, दारातून.

सव्वीस फुलं घेऊन भेटायला आला. जाताना जिन्यात मी म्हणालो, सव्वीस गाठले होते, खरं तर. त्याला आधी कळेचना. मग हसला. म्हणाला, अरे ते शोरूमवाल्याने सांगितलं होतं, मी तेच सगळ्यांना सांगतो, मोजत कोण बसतंय.

मी जिन्यातच बसलो. त्याला वाटलं, जागरणामुळे.

५ मे, रविवार

गाडी दुरुस्त होऊन आली. वर्कशॉपवाल्याने आकडा शून्यावर आणून दिला. मी स्टेपनी, जॅक, मॅट, छत्री, सगळं परत ठेवलं. हवा नेमकी. टाकी काठोकाठ. हॉस्पिटलच्या दारात एसी लावून गाडी थंड करून ठेवली.

हिची ताई आली होती. म्हणाली, दोघींना काही महिने आमच्याकडे नेतोय, आईही बरोबर येतायत, टॅक्सी सांगितलीय, तुम्ही हवं तर मागून या. मी हिला विचारलं, आपली गाडी आहे ना दारात. ही म्हणाली, या गाडीत मी बसले तेवढं पुरे, आता मुलीला नाही बसवणार. रागावून नाही, वेळ सांगावी तसं म्हणाली.

आईने फक्त बॅग माझ्या गाडीत ठेवली. तेवढी ने म्हणाली.

ताईचं घर नदीकाठच्या सपाट रस्त्याला. टॅक्सी सावकाश चालली होती, आत बाळ म्हणून. मी मागे, अंतर ठेवून, एकाच वेगात. गाडीत मी आणि बॅग. दारात पोचलो तेव्हा २६.४ होते. एसी लावून, काठोकाठ टाकी असून, काहीही न करता. नुसती माझीच गाडी. शेजारच्या सीटकडे बघून सांगायला तोंड उघडलं.

त्या सगळ्या आत गेल्या. ताई बॅग घेऊन गेली, दार लोटलं. मी गाडीतच बसलोय. इंजिन चालू आहे. किल्ली फिरवायला हात धजत नाही. उभ्या गाडीत आकडा उतरतोय. २६.१. २५.७. २५.२. उतरू दे. दार कोणी उघडलं तर गाडी तयार असावी.