आधी पाणी, मग भाव

आबा,

तुमची वाडी विकायला काढली होती, हे आधीच सांगून टाकते. हौसेने नाही. आम्ही पनवेलकडे फ्लॅट घेतला तेव्हा जो तो म्हणत होता, आता घेतला नाहीत तर कधीच घेणार नाही. आज त्याच इमारतीत आमच्याहून कितीतरी कमी भावात घरं मिळतात, तरी गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यात तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या जावयांची नोकरी गेली. फ्लॅट विकला तरी कर्ज फिटत नाही, म्हणून किहीमची वाडी. आईने आमच्याकडे येऊन राहायचं असं ठरलं. म्हणजे आम्ही ठरवलं, आई नुसतं "बरं" म्हणाली.

काल मुंबईचं एक जोडपं वाडी बघायला आलं. दलाल फाटकापासूनच मला बाजूला घेऊन भाव पाडत होता. "ताई, आज होय म्हना. पल्याडचे बंगले बांधून ओस पडलेत. म्होरल्या महिन्यात ह्यो भाव पन न्हाय भेटायचा." तुमचे जावई माझ्याकडे बघतही नव्हते.

गावात कुणाचीही वाडी बघायला गिऱ्हाईक आलं की आधी तिथल्या विहिरीचं पाणी पाजायचं, भावाचं नंतर, ही तुमची रीत. समुद्राला लागून असूनही आपलं पाणी गोड, याचा तुम्हाला केवढा तोरा. शेजारच्यांची वाडी विकली जात होती तो दिवस मला आठवतो. तुम्ही आगाऊपणे मध्ये पडता, त्यांच्याच विहिरीचं पाणी काढून पाहुण्याच्या हातात तांब्या देता. पाणी मचूळ. पाहुणा उठून जातो. शेजाऱ्यांनी आपल्याशी बोलणं टाकलं आणि तुम्ही जेवताना एवढंच म्हणालात, "उद्या त्या पाव्हन्यालाच प्यायचं हाय. आज कललं ता बरा झाला."

आता आपली विहीरही मचूळ झाली आहे, आबा. आजूबाजूच्या बंगल्यांनी बोअर मारल्या आणि पाणी बिघडत गेलं. आई नळाचं पिते. काल ती मागच्या दाराने गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. "आमचे हिरीचा हाय. आदी पानी प्या, मंग बोला." ती बाई प्यायली आणि "किती गोड" म्हणाली. आई पदराला हात पुसत जमिनीकडे बघत राहिली. माझ्या हप्त्यांसाठी ती खोटं बोलत होती. मला ते सोसवेना.

मी म्हटलं, "ते नळाचं आहे. विहिरीचं खारं झालंय."

दलालाने कपाळावर हात मारला. गाडी निघून गेली. जावई अजून माझ्याशी बोललेले नाहीत. आई म्हणाली, "बापावर गेलीस," आणि चुलीकडे वळली. ती रागावली होती की तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, मला कळलं नाही.

बँकेचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे. फ्लॅट बहुतेक जाईल, आणि मग वाडीवर येऊन राहायला तुमचे जावई तयार होतील का, ठाऊक नाही. हे पत्र कुठेच टाकायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. मी तुमच्यावर गेलेली नाही. वाडी विकायची नाही, एवढं नवऱ्याला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नव्हती. पाणी गोड असतं, तरी मी खारंच म्हटलं असतं.