लोप्रेस्तींचे दुकान पुष्करला मिळू नये म्हणून

मी, ज्योत्स्ना विश्वजित कर्णिक, वय अडुसष्ट, मूळची ठाण्याची, चौतीस वर्षांपासून राहणार निशी-कसाई, एदोगावा, तोक्यो, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या भाषेत, दुपारचे जेवण झाल्यावर, घरात कोणी नसताना लिहीत आहे. नावाआधी 'सौ.' लावायचे की नाही यावर थोडा विचार केला आणि लावले नाही. गेल्या वर्षी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. डोक्यावर झालेली नाही. तसे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे, कारण 'आजारपणानंतर ती भ्रमिष्टासारखी वागते' असे माझे पती श्री. विश्वजित चारचौघांत सांगत असतात. यापूर्वी मी केलेली कोणतीही व्यवस्था या लेखाने रद्द समजावी.

१. या इच्छांची अंमलबजावणी माझी मैत्रीण ॲड. अनुराधा सबनीस यांनी करावी. श्री. विश्वजित मदत करतो म्हणतील. ती घेऊ नये.

२. ठाण्याचे दोन खोल्यांचे घर, जे आईने माझ्या नावे केले, ते माझी धाकटी बहीण प्रणिता हिला द्यावे. ते विकून पुष्करला मोठे रेस्टॉरंट काढून द्यावे असे श्री. विश्वजित यांनी तीनदा सुचवले. जिने आईची शेवटची नऊ वर्षे एकटीने सांभाळली, तिला त्या घरातून उठवण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांच्याशी मी चर्चा करत नाही.

३. बँकेतील शिल्लक: कायद्याने पतीला आणि मुलाला जेवढे द्यावेच लागेल तेवढे त्यांना द्यावे. त्याहून एक येनही जास्त नको. उरलेले प्रणिताला.

४. उरायासु येथील जेवणाचे दुकान. इथे मला सविस्तर लिहावे लागेल. अनुराधा म्हणाली, कारण लिहायची गरज नसते. तिला नसेल, मला आहे.

हे दुकान मी सुरू केलेले नाही, पुष्करने तर नाहीच नाही. ते कार्मेलो लोप्रेस्ती या गृहस्थांनी १९७१ साली काढले. त्यांचे वडील रोझारिओ सिसिलीतल्या एका खेड्यातून १९१२ साली अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे बोगदे खणायला लागले. मुलगा शाळेत गेला तेव्हा बाईंना 'कार्मेलो' म्हणता येईना, की म्हणायचे नव्हते. त्यांनी हजेरीपटावर 'चार्ली' लिहिले. तेच नाव त्यांना जन्मभर चिकटले. कोरियाच्या युद्धाच्या वेळी ते सैनिक म्हणून जपानात आले, उरायासुच्या कोळ्यांच्या घरातल्या फुमिको-सानशी लग्न करून इथेच राहिले. पाटीवर 'ब्रुकलिन चार्ली' असे लिहिले. शिंपल्यांचा पास्ता फुमिको-सानच्या वडिलांनी आणलेल्या शिंपल्यांचा, आणि मोठे खिम्याचे गोळे घातलेली स्पॅगेटी चार्लींच्या आईची.

मी तिथे १९९४ साली पहिल्यांदा गेले. श्री. विश्वजित यांच्या ट्रेडिंग कंपनीने त्यांना इथे पाठवून तीन वर्षे झाली होती. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत फोडणीच्या वासाची तक्रार झाली होती. व्यवस्थापकांनी दारावर चिठ्ठी लावली होती. श्री. विश्वजित यांनी ती वाचून मला सांगितले, "फोडणी बंद कर. ऑफिसात कळलं तर कसं दिसेल?" मी पुष्करला उरायासुतल्या शाळेत सोडून, भूक लागली म्हणून, लसणाच्या वासामागून त्या दुकानात शिरले आणि कोण जाणे का, मोडक्या जपानीत म्हाताऱ्या चार्लींना चिठ्ठीबद्दल सांगितले.

ते म्हणाले, "वासाची तक्रार आली? अभिनंदन. म्हणजे तुम्ही आता खऱ्या इथे आलात. माझ्या बापाला ब्रुकलिनमध्ये लसणाच्या वासापायी तीन ठिकाणी खोली नाकारली. आता तेच लोक शुक्रवारी पिझ्झ्यासाठी रांग लावतात."

पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे कामाला लागले. आधी भांडी, मग पीठ मळणे, मग सॉस. भांड्यांवर सहा महिने होते, सॉसवर तीस वर्षे. हे आकडे मुद्दाम लिहिले आहेत.

आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी त्या वर्षीच्या गणपतीत मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "नवरा मॅनेजर आणि बाई गोऱ्याच्या हॉटेलात खरकटी काढते." श्री. विश्वजित शेजारीच उभे होते. ते हसले. ते हसणे मी विसरलेले नाही आणि हे वाचेपर्यंत त्यांनीही विसरू नये.

चार्ली-सान काम करता करता बोलत. रागीट माणूस होता. न्यू ऑर्लीन्सला १८९१ साली जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना मारले, ही गोष्ट त्यांच्या वडिलांना बोटीवरच कुणीतरी सांगितली होती, बंदर दिसायच्या आधी. बेचाळीस साली थोरला भाऊ अमेरिकेच्या सैन्यात होता, तरी वडिलांनी नागरिकत्व घेतले नव्हते म्हणून ते 'शत्रूराष्ट्राचे' ठरले आणि पोलीस घरातला रेडिओ उचलून घेऊन गेले. त्या दिवसापासून आईने घरात इटालियन बोलणे थांबवले. "म्हणून माझी भाषा गेली," ते म्हणत. "मला फक्त जेवण येतं. तेवढंच त्यांना जप्त करता आलं नाही."

२००२ साली मी एकदा न विचारता गोळ्यांत आले आणि कोथिंबीर घातली. आमच्या ठाण्याच्या घरी घालायचे तशी. त्यांनी चाखले, चमचा आपटला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझी आई हे खाऊन रडली असती. मेनूवर ठेव. खाली तुझं नाव लिही." तेव्हापासून मेनूवर दोन प्रकारचे गोळे आहेत, 'चार्लीच्या आईचे' आणि 'जो-सानचे'. ज्योत्स्ना त्यांच्या तोंडी 'जो-सान' झाली होती.

फुमिको-सान गेल्यावर, २००९ साली, त्यांनी दुकान माझ्या नावे केले. मूलबाळ नव्हते. २०१३ साली ते गेले. शेवटच्या आजारात इस्पितळात मी रोज जात असे. श्री. विश्वजित एकदा आले आणि वेळ किती लागेल ते विचारून गेले.

५. आता पुष्कर. हा माझा एकुलता मुलगा, वय एकोणचाळीस. पाचव्या वर्षी इथे आला. मराठी समजते, उत्तर जपानीत देतो. स्वयंपाकाचे शिक्षण घेतले, चार वर्षांपूर्वी दुकानात आला. हात चांगला आहे, हे मी नाकारत नाही. मध्ये अकरा दिवस नेपल्सला जाऊन आला आणि तेव्हापासून दुकानाकडे नाक मुरडून बघू लागला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. पाच आठवडे तिथे होते. त्या काळात श्री. विश्वजित यांनी माझ्या कपाटातून माझा हांको काढून पुष्करच्या हातात दिला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हांको म्हणजे शिक्का, या देशात तो उमटला की सही झाली. माझ्या शिक्क्याने दुकानाच्या दुरुस्तीचा करार झाला. मी छातीला टाके घेऊन पडले होते आणि कागदोपत्री मी पाटी उतरवायला संमती देत होते.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी टॅक्सी करून उरायासुला गेले. पाटीवर 'त्रात्तोरिया नापोली', म्हणजे नेपल्सची खाणावळ, असे लिहिलेले होते. भिंती पांढऱ्या. चार्लींनी भिंतीवर लावलेले त्यांच्या घरच्यांचे अकरा फोटो नाहीत. मेनूवर गोळे नाहीत, ना त्यांच्या आईचे, ना माझे. दाराशी एका मासिकातला लेख फ्रेम करून लावलेला. त्यात पुष्करने सांगितले होते की सॉस तो नेपल्सच्या एका आजीकडून शिकला आणि 'भारतातून आलेली माझी गृहिणी आई सुरुवातीच्या काळात भांडी धुवायला मदत करायची.'

सॉस चाखला. चार्लींचाच होता. थेंबाचाही फरक नव्हता.

मी विचारले, "फोटो कुठे आहेत?"

तो जपानीत म्हणाला, "टाकले."

श्री. विश्वजित तिथेच कॉफी पीत बसले होते. म्हणाले, "अगं, ते अमेरिकन हॉटेल होतं. खऱ्या इटालियनांत असलं काही चालत नाही. मुलाला लाज वाटते."

"आई," पुष्कर या वेळी मराठीत बोलला, "इटलीत कुणी स्पॅगेटीवर मीटबॉल घालत नाही."

"ठाऊक आहे. इटलीत त्यांना मांस सणालाच दिसायचं, म्हणून तर ते निघाले. अमेरिकेत रोज मिळायला लागलं तेव्हा रोज घातलं. ते गोळे म्हणजे त्या लोकांनी पोहोचल्याची पावती आहे. तुला ती खोटी वाटते?"

"तूही बदललंसच की. आलं, कोथिंबीर."

"मी घातलं आणि खाली माझं नाव लिहिलं. वरचं नाव पुसलं नाही."

तो म्हणाला, "चार्ली-सान मेलेत, आई. कुणाला फरक पडतो?"

मी खुर्ची ओढली आणि बसले. श्री. विश्वजित यांना वाटले हृदयाचे दुखणे आहे आणि ते गोळी शोधू लागले. गोळी नको होती.

६. दिपाली महाजन, वय बेचाळीस, मूळची नाशिकची, दहा वर्षे दुकानात आहे. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे इथे आली. दुरुस्तीच्या वेळी फोटो कचऱ्यात द्यायचे काम पुष्करने तिला सांगितले होते. मी दुकानात जाऊन आले त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या घरी आली. पायरीवरच उभी राहिली, हातात फुरोशिकीत, म्हणजे इथल्या चौकोनी कापडात, बांधलेला गठ्ठा.

"काकू, पुष्करदादांनी सांगितलं तसं मी केलं. फ्रेमा टाकल्या. काच वेगळी, लाकूड वेगळं, वाराप्रमाणे. फोटो कशात टाकायचे ते नगरपालिकेच्या कचऱ्याच्या तक्त्यात कुठे दिसलं नाही. म्हणून ठेवले."

अकराच्या अकरा होते. रोझारिओ लोप्रेस्ती बोगद्याच्या तोंडाशी फावडे घेऊन उभे आहेत तोही. दिपालीला त्या बदल्यात नोकरी गमवावी लागली असती, आणि तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर असला तरी घर तिच्या कमाईशिवाय चालत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी पुष्करला एक महिन्याची मुदत देऊन दुकानातून काढले. त्याने भांडी आपटली, मला 'कोत्या मनाची' म्हणाला. श्री. विश्वजित यांनी मंडळातल्या मोठ्या लोकांना मध्यस्थीला आणले. त्यांना मी चहा दिला आणि परत पाठवले. पाटी पुन्हा करून घेतली. निम्मी गिऱ्हाइके गेली. ती पांढऱ्या भिंतींसाठी आलेली होती.

७. त्यामुळे: दुकान, त्याचे नाव, भट्टी, पीठ मळायचे यंत्र, दोन मोठी पातेली, माझ्या सुऱ्या, अकरा फोटो आणि पाककृतींची वही हे सर्व दिपाली महाजन हिचे. वही मराठीत आहे. तिने हवे ते बदलावे, नाशिकचे काही घालायचे तर घालावे. बदललेल्या पदार्थाखाली स्वतःचे नाव लिहावे आणि आधीची दोन्ही नावे तशीच ठेवावीत. एवढी एकच अट.

८. पुष्करला मी वेगळे असे काहीही ठेवत नाही. मी हे प्रेमाअभावी केले असे त्याने समजावे, मला चालेल. तो पुढे स्वतःचे हॉटेल काढील आणि ते चालेलही. तिथे त्याने सॉस नेपल्सचा म्हणून विकला, तर अनुराधाने त्या मासिकाला या मृत्युपत्राचे चौथे आणि पाचवे कलम जपानीत भाषांतर करून पाठवावे. खर्च माझ्या शिलकीतून.

९. श्री. विश्वजित यांना माझा हांको द्यावा. तोपर्यंत तो निरुपयोगी झालेला असेल. मंगळसूत्र प्रणिताकडे आहे, ते मागू नये.

१०. माझ्यामागे मंडळाने शोकसभा घेऊ नये. 'अन्नपूर्णा' हा शब्द माझ्यासाठी कुणीही वापरू नये. दहन इथेच करावे. अस्थींचे काय करायचे ते प्रणिताने ठरवावे, श्री. विश्वजित यांनी नाही.

११. सातव्या कलमाबद्दल एक खुलासा. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्याची गरज कुणाला उरलेली नाही. याच महिन्याच्या एक तारखेला भाड्याच्या त्या जागेच्या मालकीणबाईंसमोर नवा करार झाला आणि दुकान दिपालीच्या नावावर गेले. पुष्करला काल हे कळले. त्याने फोन केला. तो म्हणाला, "आई, तू माझ्याशी असं का केलंस?" मराठीत म्हणाला. मी फोन ठेवला नाही. शेवटी त्याने ठेवला.

कोर्टात जायचे तर जावे. माझ्याशी भांडायचे असेल तर मी जिवंत असताना यावे. बुधवारी दुकान बंद असते. इतर दिवशी साडेदहापासून मी तिथेच असते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. एकही ओळ खोडायची नाही. खालील दोघांसमोर सही करत आहे. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

सही: ज्योत्स्ना विश्वजित कर्णिक

साक्षीदार:
१. सुरेखा दत्तात्रय पेंडसे, शिक्षिका, निशी-कसाई (सही)
२. जयेश रमाकांत बोरकर, किराणा दुकानदार, निशी-कसाई (सही)

स्थळ: निशी-कसाई, एदोगावा, तोक्यो
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५