कापसावरून उतरवलेली मूठ

कार्तिक वद्य पंचमी, दिवेलागणीनंतर. अमरावती.

आज आजोबांनी, आमच्या आबाजींनी, माझी दृष्ट काढली. महिना झाला, मला झोप नाही, घास उतरत नाही, उगाच रडू येतं. सांगू कोणाला? अमेरिकेत लढाई पेटून तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबल्यापासून या घरात कापसाच्या भावाखेरीज बोलणंच नाही.

मीठ, मोहरी, मिरच्यांची ती मूठ आबाजींनी आधी अंगणातल्या कापसाच्या ढिगावरून उतरवली. मग तीच माझ्यावरून. माझ्यासाठी वेगळी मूठ घ्यावी असं एकालाही वाटलं नाही. मायलासुद्धा.

मूठ चुलीत पडली आणि असा ठसका उठला की सगळे खोकत अंगणात पळाले. मिरच्यांचा ठसका लागला, म्हणजे नजर लागलेली नाही, हा आमच्याकडचा न्याय.

"नजर-बिजर काई नाई," आबाजी म्हणाले. "सोंगं करून राहिला हा."

मी बाबांकडे पाहिलं. निदान त्यांनी तरी विचारावं, मग तुले होते तरी काय? डोळे पुसत त्यांनी विचारलं, "म्हंजे कापसाले बी नाई लागली ना?"

"नाई."

लागेल कशी, मूठ तीच होती ना. जळो तो ढीग.

आता सगळे समाधानानं जेवताहेत.