सुईच्या आधीची जेल

प्रिय पियूषचे बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, हसू नका. तोंड उघडलं की उजव्या गालात वीज शिरते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या मरोदा वस्तीत म्हणे कौतुक चाललंय, भूपेंद्रची बायको हल्ली भांडतच नाही. एकदा बरी होऊ दे, मग बघते एकेकीला.

उद्या दुर्गच्या दवाखान्यात पुन्हा ती गालातली सुई. मागची खेप मी अजून विसरलेली नाही. नर्सने सुन्न करायची जेल बोटावर घेऊन गालाला नुसती टेकवली आणि मी किंचाळले. तिने घाबरून पुसूनच टाकली. मग तशाच गालावर सुई आली तेव्हा मी डॉक्टरांचं मनगट धरलं. ते चिडले नाहीत, पण घाबरले. नसेजवळ सुई असताना मान हलली तर भलतंच व्हायचं. या वेळी जेल घरूनच लावून या म्हणाले, जाड थर, वरून प्लास्टिक, तासभर. कातडी बधिर असेल तरच सुई, नाहीतर परत जा. आणि सुई न घेताच परत आले तर हे दुखणं मला यापुढे सोसवणार नाही, खरंच सांगते.

शेजारची अनुजा येते म्हणाली होती लावायला. मी नको म्हटलं.

सुरुवातीला तुम्ही एकदा गालावरून हळूच बोट फिरवलंत, "बहुत दुखून राहिलं का तुले?" विचारलंत, आणि मी तुमचा हात झिडकारला. तेव्हापासून पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपता. मला तुमचा राग आला नव्हता हो.

तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा डॉक्टर म्हणाले, या रोगात हलका स्पर्शच वैरी, घट्ट टेकलेला हात बहुतेक सोसतो. म्हणून हे पत्र. उद्या जेल तुम्हीच लावा. प्लास्टिकवर घ्या आणि तळहाताने एकदाच गालावर दाबा. चोळू नका, लाडाने तर मुळीच नको. प्लांटमध्ये पाना धरता तसा हात ठेवा. मी ओरडेन, नखं रुतवीन, शिवीही देईन. तुम्ही माझ्या ओरडण्याला फार लवकर भिता. उद्या हात काढू नका. गाल बधिर व्हायच्या आधी तुमचा हात मला एकदा नीट कळू दे.

तुमचीच, अजून भांडायची राहिलेली,
आम्रपाली