बाबाची सर्दी

ताई,

हे पत्र काही मी टाकणार नाही. मागच्या खेपेला माझी लेक तुझ्या कुशीत शिरली आणि तू नकळत तोंड फिरवलंस. तुझा दोष नाही. तिचा हा लाखांत एखाद्या बाळाला होणारा आजार. किडन्या तगवणाऱ्या औषधाने तोंडाला कुजका वास येतो, आणि औषध थांबवता येत नाही.

त्या दिवसापासून ती मलाही मिठी मारताना श्वास रोखायची. बघवेना. शेवटी थाप मारली, "मला सर्दी झालीय, कसलाच वास येत नाही." तेव्हा कुठे गळ्यात पडून बोलायला लागली.

काल म्हणाली, "बाबा, तुझ्या सर्दीवर औषध घेऊ नकोस हं."

नाक ओढत हिंडणारा,
तुझा भाऊ