कूर्गचे चार दिवस

प्रिय आई,

आज दुपारी तुमचा भाड्याचा पलंग घेऊन गेले. दोन माणसांनी तो खोलला, लिफ्टमध्ये घातला, झालं. ही खोली एवढी मोठी आहे हे मला ठाऊकच नव्हतं! दोन वर्षांत आज पहिल्यांदा दुपारी मला काही काम नव्हतं. जरा टेकले, तर उठवेना. म्हणून बसल्या बसल्या लिहिते.

तुम्ही बाथरूममध्ये पडलात, खुब्याचं हाड मोडलं आणि मी तुर्भ्याची नोकरी सोडली. तुमच्या लेकानं, संजयनं, तुमच्यासमोर टीव्ही लावून दिला. तुमचं सगळं आयुष्य कोरेगाव ते कोपरखैरणे. बाबा मार्केटात पोती वाहायचे आणि तुम्ही चूल सांभाळायचात. आणि आता पलंगावर पडल्या पडल्या तुम्हाला तो टोपीवाला सापडला, देशोदेशी फिरणारा. तो हिंदीत बोलायचा, तुम्ही त्याला आपल्या भाषेत उत्तरं द्यायचात. पाण्यात उभं असलेलं शहर बघून म्हणालात, "बाई गं, भितींना वल किती येत असंल!" बर्फाचा देश दिसला की, "ह्यांचं धुणं कवा वाळत असंल?" किती हसायचो आपण! सुरुवातीला.

मग माझं हसणं संपलं. खरं सांगू? तुमच्यावर राग नव्हता, मी दमले होते. चादरी, डायपर, पाठीवरच्या जखमा, मिक्सरमधली पेज. मनगटं अशी दुखायची की कुकरचं झाकण लागायचं नाही.

त्या दुपारी तुम्ही हाक मारलीत, "मनीषा, ये गं, बघ तरी कसला समुद्र हाय!" आणि मी दारातूनच बोलले, "तुम्ही फिरा जग. मी दीड वर्षात औषधाच्या दुकानापलीकडे गेले नाही."

तुम्ही टीव्ही बंद केलात. दोन दिवस लावलाच नाहीत. मला वाटलं, रुसलात. सॉरी म्हणायचीसुद्धा ताकद नव्हती माझ्यात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पुण्याला फोन लावायला सांगितलात. "शैले, चार दिस ये. हिला कुठंतरी जाऊ दे. माज्यापायी घरात कोंडलीय पोर." लेकीला असं दरडावताना मी तुम्हाला पहिल्यांदा ऐकलं.

ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी कूर्गला निघाल्या होत्या. शैला आली, मी बॅग भरली. त्यांच्यातल्याच संध्याच्या घरी पनवेलला मुक्काम करून पहाटे गाडीनं निघायचं होतं. पहाटे त्यांनी मला हलवलं. आई, मला उठताच येईना. "तुम्ही जा," म्हटलं आणि कूस बदलली. संध्याची आई जेवायला उठवायची तेवढंच. चार दिवस मी नुसती झोपले.

घरी हे कसं सांगणार? म्हणून तुम्हाला कूर्ग सांगितलं. धुकं, कॉफीचे मळे, सगळं.

"हत्ती न्हाणतात ती नदी बगितलीस?"

"हो तर."

"पाणी हुतं?"

"भरपूर!"

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "मे महिन्यात तिला गुडघाभर पाणी नसतंय म्हणत हुता टोपीवाला." मग माझ्या हातावर हात ठेवलात. "झोप झाली न्हवं नीट?"

कुणाला काही बोलला नाहीत तुम्ही. शैलालाही नाही. का हो? तुमच्या दहाव्याला ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आई अंथरुणाला खिळलेली, आणि वहिनी कूर्ग फिरून आली." मी भांडी गोळा करत राहिले.

आणखी एक सलतं. त्या शेवटच्या दुपारी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आई, आवाज कमी करा हो!" तुम्ही लगेच केलात. पेज घेऊन आले, तोवर तुम्ही गेला होतात. एवढं ऐकायची काय गरज होती?

काल शैलाचा फोन आला. तुमच्या दहाव्यानंतर चारच दिवसांनी तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. सगळं तीच करते. बोलताना एकच वाक्य तिनं दोनदा म्हटलं. तो आवाज मी ओळखते. मग मधेच विचारलं, "वहिनी, कूर्गला काय काय बघितलंस गं?"

"काही नाही," म्हटलं. "पनवेलला झोपले होते."

ती रडायला लागली.

आई, माझं अंग अजून दुखतंय, कुठं जावंसं वाटत नाही. तरी सोमवारी मी पुण्याला जाते, चार दिवस. तिच्या सासूबाईंचं सगळं मी करीन, तिला कुठंतरी जाऊ दे. आणि शैला परत आल्यावर, कुठं गेली होतीस, हे तिला विचारणार नाही. शब्द देते.

तुमची सून,
मनीषा