बाजा सोडल्यावर

पांढरकवडा,
ता. ७ फेब्रुवारी १९६०

ती. सौ. कांताअक्का हिस,
बळीरामचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडं नलू व पोरं खुशाल आहेत. मी कामाला आहे ते सरकी काढायचं जीन जोरात चालू आहे, कापसाच्या गाड्या पार सडकेपर्यंत उभ्या असतात. मीच तेवढा खुशाल नाही.

सव्वीस जानेवारीला यवतमाळला गेलतो. मैदानावर पोलिसांचा बँड वाजत होता. पुढच्या ओळीत एक जण क्लारनेट वाजवत होता. अक्का, माझे पाय तिथून निघेनात. लहानपणी पपईच्या देठाची पुंगी करून मी तुझ्यापुढं कवायत करायचो अन् मोठा झालो की बँडात जाईन म्हणायचो. इतकी वर्षं ते कुठं पडून होतं कोण जाणे, पण त्या दिवशी असं उठून बसलं की तेव्हापासून जेवणात लक्ष नाही, कामात नाही. परेड संपल्यावर धीर करून एका हवालदाराला भरतीचं विचारलं. त्यानं चांगल्या मनानं विचारलं की मुलगा किती शिकला आहे. माझं वय पाहून त्याला मी पोरासाठी विचारतो असंच वाटलं. मी मोटर स्टँडची वाट धरली.

केळापूरच्या वाटेवर तांड्यात धरमसिंगजी म्हणून म्हातारे आहेत. फौजेच्या बँडातून पेन्शनीत आले. त्यांच्याजवळ जुना क्लारनेट आहे, शिकवतो म्हणतात. शिकू का? बाबा नाहीत, आता तूच मोठी. भाऊजींना जयभीम, बेबीला आशीर्वाद.

तुझ्या सावलीतला,
बळीराम

दारव्हा,
ता. १६ फेब्रुवारी १९६०

चि. बळीराम यास,
अनेक आशीर्वाद. तुहं पत्र भेटलं. तू सातवी शिकला म्हनून पुस्तकावानी लिहितो, मी आपलं बोलते तसं लिहिते, हसू नको. पुंगीचं वाचून आम्ही मायलेकी पोट धरून हसलो.

पन हसू सरल्यावर मले राग आला. बाबा सनई वाजवत तवा लग्न मांडवात अन् बाबा मांडवाच्या भाईर, उन्हात. जेवन सगळ्यायच्या मांगून, तेही दुरून वाढलेलं. तू लहान होता, मी त्यायच्या जवळ बसून सगळं पाह्यलं. नागपूरची दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं ठरवलं का आता कोनाच्या दारात बाजा वाजवाचा नाही. तवा पह्यला हात कोनाचा वर झाला होता? तुहाच. आता तूच बाजा तोंडाले लावशीन त लोक काय म्हनतीन?

अन् बेबीची सोयरीक कळंबले जमून राह्यली. नवरदेवाचे आजोबा उकंडाजी लय कडक आहेत. त्यायनं सोता आपली सनई विहिरीत टाकली अन् अख्ख्या वस्तीचा बाजा बंद केला. मामा बाजेवाला झाला, हे त्यायच्या कानावर गेलं त काय होईन? कायले पोरीच्या जिवाले घोर लावतो? शिकू नको.

नलूले अन् पोरायले आशीर्वाद. रागावली म्हनून पत्र धाडाचं थांबवू नको.
तुही अक्का

पांढरकवडा,
ता. २० मार्च १९६०

ती. सौ. अक्का हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि. राग धरला नाही, पण ऐकलंही नाही. तुझं पत्र यायच्या आधीच मी तांड्यात जाऊन आलो होतो, अन् अजून जातो आहे.

सुरुवातीला नुसती फुसफुस निघायची. ओठ सोलले. धरमसिंगजी म्हणाले की मी चूल पेटवल्यासारखा फुंकतो. आता सूर निघतो, पण थरथरतो. क्लारनेट त्यांनी घरी न्यायला दिला, पण घरी पोरं हसतात म्हणून मी नाल्याकाठी जाऊन बसतो. जिनात यंत्राचा आवाज सुरू झाला की बोटं आपोआप हलू लागतात, त्यावरून मुकादम रागावला. नलू ताट वाढते अन् तोंड फिरवते.

वस्तीचे पुढारी पुंडलिकराव यांनी बैठकीत मला उभं केलं. बाजा सोडला ती चूक होती का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग हे काय, म्हणाले. उत्तर सुचलं तोवर सतरंज्या उचलून झाल्या होत्या. बाबांना दुसरे सांगायचे, वाजव. मला कोणी सांगितलेलं नाही, मला वाजवावंसं वाटतं. एवढाच फरक आहे, पण मला तो लहान वाटत नाही.

बेबीच्या लग्नाची काळजी करू नको. क्लारनेट आणणार नाही, अन् त्याचं नावही काढणार नाही. शब्द देतो.

मन मोठं ठेव.
तुझा बळीराम

दारव्हा,
ता. २९ मे १९६०

चि. बळीराम यास,
अनेक आशीर्वाद. बेबी गेली, घर खायले उठते. तू शब्द पाळला. पांढरं धोतर नेसून मामा म्हनून उभा राह्यला, बाबायचीच आठवन आली.

पन नलूनं बायायमंधी तुह्या नाल्याकाठच्या फुंकन्याचं गाऱ्हानं केलं, अन् ते जेवनाची पंगत उठाच्या आत उकंडाजीपावतर गेलं. त्यायनं तुले लिंबाखाली बलावलं. मी चुलीपासून पाहून राह्यली होती, हातातला वरनाचा पळा तसाच. आता पोरीले जलमभर बोलनं खावं लागते, असंच वाटलं. तुम्ही दोघं लय वेळ बसले. मंग तू मोटरीत बसून निघूनही गेला, मले काही सांगतलं नाही. काहून?

बेबी पह्यल्या मुळाले माहेरी येऊन गेली. सांगत होती का आजेसासरे तवापासून कोनाशी बोलत नाहीत, अर्ध्या ताटावरून उठतात, अंगनात येरझारा घालतात. एक दिवस त्यायनं जावयाले पांढरकवड्याची मोटर कधी सुटते ते इचारलं म्हनते. बळी, तू म्हाताऱ्याले काय बोलला? लवकर कळव, माह्या जिवाले चैन नाही.

तुही अक्का

पांढरकवडा,
ता. १९ जून १९६०

ती. सौ. अक्का हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि. उशीर झाला, माफ कर.

लिंबाखाली मीच घाबरलो होतो. पण उकंडाजींनी रागाचा एक शब्द काढला नाही. माझे ओठ पाहिले अन् खालचा सूर थरथरतो का, असं विचारलं. हो म्हटलं. ते म्हणाले की दम छातीतून घेतो तोवर थरथरणारच, पोटातून घे. मग आपल्या सनईचं काढलं. सनई विहिरीत टाकली याचं दुःख नाही म्हणाले, ती बुडायलाच पाहिजे होती. पण सनई बुडाली तरी दम छातीतच राहिला, त्याचं काय करावं ते कोणी सांगितलं नाही. हे बोलताना त्यांचा आवाज असा झाला की मला तुझ्याजवळ येऊन सांगायचा धीर झाला नाही.

चार दिवसांमागं ते वळकटी काखेत घेऊन आमच्या दारात उतरले. नलूनं काही न विचारता चहा ठेवला. आता आम्ही दोघं नाल्याकाठी जातो. क्लारनेट एकच, आळीपाळीनं वाजवतो. त्यांचा दम पक्का, पण चाव्यांवर बोटं अडखळतात. माझी बोटं पळतात अन् दम संपतो. दोघंही एकमेकांवर चिडतो. काल पुंडलिकराव पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले. मी बोलणी खायची तयारी ठेवली. त्यांनी ऐकून घेतलं, फार वाईट वाजतं म्हणाले अन् गेले. आज पुन्हा आले, अन् दगडावर बसले.

अक्का, मन थाऱ्यावर आलं असं समजू नको. आधी होती त्याहून जास्त तगमग आहे, रात्र सरत नाही. कळंबला तेवढं कळव, उकंडाजी घरी न सांगता आले आहेत. परत कधी येणार ते मी विचारलेलं नाही. आज सकाळी त्यांनी सगळे सूर पहिल्यांदा ओळीनं काढले, डोळे पुसले, अन् क्लारनेट माझ्या हातात देऊन म्हणाले की आता तू.

माया पातळ करू नको.
तुझा बळीराम